पातं आजचं, रेझर पणजोबांचा!

चल, आधी एक कोडं!

शंभर वर्षांपूर्वीची अशी कोणती वस्तू आहे, जिच्यात बसणारा नवा भाग आजही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो? आणि तोही अगदी थोड्या रुपयांत?

गाडी? नाही. घड्याळ? छे! सांगू? दाढीचा रेझर!

प्लॅस्टिकचा, वापरून फेकायचा तो नव्हे हं. जुना, धातूचा, हातात घेतला की जड लागणारा. दांडी फिरवली की त्याचं डोकं सुटतं. आत पातळ पातं ठेवायचं आणि दांडी पुन्हा आवळायची. झालं काम! कितीतरी घरांत आजोबांच्या दाढीच्या सामानात तो अजून असतो, ब्रश आणि तुरटीच्या शेजारी.

जगभर लोक असे जुने रेझर हौसेनं जमवतात. कुणी मुंबईच्या चोर बाजारात शोधतं, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारात. आणि गंमत म्हणजे, ते रेझर नुसते कपाटात मांडून ठेवत नाहीत. सकाळी त्यांनीच दाढी करतात!

ही सगळी करामत सुरू केली अमेरिकेतल्या एका माणसानं. त्याचं नाव किंग कँप जिलेट. राजाबिजा नव्हता बरं का तो, ‘किंग’ हे त्याचं नावच होतं! तो होता बाटल्यांची बुचं विकणारा फिरता विक्रेता. त्या काळी दाढी वस्तऱ्यानं करत. वस्तरा बोथट व्हायचा, मग तो चामड्याच्या पट्ट्यावर घासत बसा! 1895 साली जिलेटच्या डोक्यात आलं, पातं इतकं पातळ आणि स्वस्त का करू नये, की बोथट झालं की सरळ बदलून टाकावं?

कल्पना झकास! पण इतक्या पातळ पोलादाला धार लावणार कशी? जाणकार म्हणाले, जमणार नाही. शेवटी विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरनं त्यासाठी यंत्रं तयार केली. 1903 साली विक्री सुरू झाली. त्या वर्षी किती रेझर खपले असतील? ओळख बघू!

फक्त 51! तुझ्या वर्गातली मुलं मोजून बघ, साधारण तेवढेच. आणि पुढच्याच वर्षी? नव्वद हजारांहून जास्त!

आता त्या पात्याकडे नीट बघ. हात लावायचा नाही हं, फक्त वेष्टनावरचं चित्र बघायचं! मधोमध एक लांबट, नक्षीदार खाच दिसेल. जिलेटच्या पहिल्या पात्यांना त्या जागी तीन गोल भोकं होती, रेझरच्या डोक्यातल्या तीन खुंट्यांसाठी. नंतर भोकं जाऊन ही लांब खाच आली. पण ती अशी बेतली, की जुन्या तीन खुंट्याही तिच्यात बरोबर बसाव्यात. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तोच आकार घेतला.

आणि त्यातल्या एका कंपनीच्या कारखान्याचं गाव मुंबईच्या अगदी जवळ आहे! रबाळे स्टेशनवर ठाण्याची लोकल पकड. ऐरोली, दिघा गाव, आणि आलं ठाणे! याच ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात सुपरमॅक्सची पाती बनायची. परदेशांतही जायची. म्हणजे बघ, शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घडलेला रेझर आणि त्यात ठाण्याचं पातं. टक्कन बसतं! मला तर ही जादूच वाटते.

पण थांब. हे पातं किती पातळ असतं माहीत आहे? जेमतेम 0.1 मिलिमीटर! कंपासपेटीतली पट्टी काढ. तिच्यावरच्या सगळ्यांत लहान दोन रेघांमधल्या जागेत अशी 10 पाती मावतील. मग दाढी करताना ते लवत कसं नाही?

यासाठी एक प्रयोग कर. वहीच्या कागदाची लांब पट्टी काप. एका टोकाला धरून आडवी पुढे धर. मान टाकली ना तिनं? आता तीच पट्टी लांबीच्या बाजूनं किंचित दुमडल्यासारखी धर, पन्हाळीसारखा बाक येईल अशी. अरे वा! ताठ राहिली!

रेझरचं डोकं पात्याशी हेच करतं. वरची पट्टी फुगीर असते. दांडी आवळली की पात्याला बाक येतो आणि ते एकदम ताठ होतं.

मग कातडी कापत कशी नाही? स्वयंपाकघरात आईबाबा सोलाण्यानं बटाटा सोलतात ना, तशी गंमत. सोलाण्याचं पातं जरासंच बाहेर डोकावतं, म्हणून फक्त साल निघते, बटाटा शाबूत! रेझरलाही पात्याच्या खाली एक दांडा असतो. तो कातडीला टेकतो आणि धारेला फार पुढे येऊ देत नाही. तरीही पातं म्हणजे पातंच. ते हाताळायचं काम मोठ्यांचं, तुझं काम बघायचं.

आणि आता सगळ्यांत मोठं आश्चर्य! पोलाद हे केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असतं. तरी केस कापून कापून पातं बोथट होतं. मऊ केस पोलादाला हरवतो? हो! 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यामागचं कारण दाखवून दिलं. त्यांच्यातल्या एकानं स्वतःची दाढी केली आणि पातं प्रचंड मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार झिजली नव्हती, तिचे बारीक बारीक टवके उडाले होते! पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. धारेवरच्या एखाद्या कच्च्या जागी केस वाकून तिरका दाबला गेला, की तिथला कण उडतो.

मग बोथट पाती टाकायची कुठे? अमेरिकेतल्या जुन्या घरांत यावर भन्नाट युक्ती होती. न्हाणीघरातल्या आरशाच्या कपाटात एक चीर असायची. पातं त्या चिरेत सोडलं की ते थेट भिंतीच्या पोकळीत! आज ती घरं दुरुस्तीला काढली, की भिंतीतून गंजक्या पात्यांचा ढीग बाहेर पडतो.

शेवटची गंमत गुप्तहेरांसाठी! 1951 पासून अमेरिकेत बनलेल्या जिलेट रेझरवर, बहुधा डोक्याखाली, एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा बारीक कोरलेला असे. अक्षर म्हणजे वर्ष. 1955 ला ‘ए’, 1956 ला ‘बी’, असं पुढे. आकडा म्हणजे वर्षातले कुठले तीन महिने. ‘डी 4’ दिसलं, तर रेझर 1958 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. जमवणारे त्या ‘डी 4’ वर जीव टाकतात, कारण त्या सुमारास एक गुटगुटीत रेझर निघाला होता. त्याच्या मानेवर पंख्याच्या रेग्युलेटरसारखी 1 ते 9 आकड्यांची चकती होती. ती फिरवली की धार कमी-जास्त बाहेर यायची!

आता तू सांग. आजोबांना पातं काढून ठेवायला सांगितलंस, भिंग लावलंस, आणि दिसलं ‘सी 2’. कुठलं साल? कुठले महिने?

1957, एप्रिल ते जून! बरोबर आलं ना?