नाव हीच तीट

नावामागचं गाव : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण घानामधल्या अकान लोकांकडे जाऊन आलो. तिथे शुक्रवारी जन्मला तो कोफी, शनिवारचा तो क्वामे. मूल आलं, अमुक वारी आलं, एवढं आनंदाने सांगणारी ही नावं. आजची नावं दुसऱ्या घरांतली आहेत. तिथे आधीची दोन-तीन मुलं हाती लागलेली नाहीत, पाळणा पुन्हा बांधला आहे, आणि बाळाला गोड नावाने हाक मारायला आईची जीभ रेटत नाही.

न्हाऊमाखू घालून झालं की आपल्याकडे आजी काजळाचं बोट बाळाच्या गालावर टेकवते. गोजिरवाणा चेहरा मुद्दाम जरासा बिघडवायचा, म्हणजे बघणाऱ्याची नजर त्या डागावर अडते. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही नावं म्हणजे अशीच तीट. फरक इतकाच की ती संध्याकाळी पुसली जात नाही. मुलं जगत नसलेल्या घरात जन्मलेल्याला दगड म्हणायचं, कारण दगडाला दृष्ट लागत नाही आणि दगड कुणी उचलून नेत नाही. केर-कचरा तर टाकून दिलेलाच, मृत्यूने त्यात काय शोधायचं? भिकू म्हणजे देवापाशी पदर पसरून मागून आणलेला. खानदेशातल्या सुपडूच्या नावात सूप आहे. काही घरांत नुसत्या नावावर भागत नसे. मूल खरोखरच सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायचं आणि मूठ-पसा धान्य मोजून तिच्याकडून परत घ्यायचं. आता हे मूल त्या अभागी कुशीचं राहिलं नाही, विकतचं झालं.

अशा एका सौद्यातलं नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बंगालमध्ये मिदनापूरजवळ हबीबपूरला ३ डिसेंबर १८८९ रोजी एक मुलगा जन्मला. आधीचे दोन भाऊ गेलेले. थोरल्या बहिणीने, अपरूपाने, तीन मुठी ‘खुद’ देऊन त्याला आईकडून विकत घेतलं. खुद म्हणजे तांदळाची कणी. म्हणून तो खुदीराम. अठराव्या वर्षी त्याने मुझफ्फरपूरला बाँब टाकला. त्या प्रकरणावर टिळकांनी ‘केसरी’त अग्रलेख लिहिले, आणि त्यांवरून जुलै १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावं लागलं. पुढच्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, खुदीराम बोस फासावर गेले. शाळेच्या पुस्तकात हे नाव वाचलं तेव्हा त्यात एका बहिणीने मोजलेली कणी आहे हे मला ठाऊक नव्हतं. कळलं त्या दिवसापासून ते नाव नुसतं हुतात्म्याचं राहिलं नाही. ज्याला जगवायला तीन मुठी पुरल्या, त्याला सरकारने अठरा वर्षांचा असताना मारलं, हे आता प्रत्येक वेळी आठवतं.

हिंदीतले लेखक पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचं ‘बेचन’ही असंच. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्यांना जन्मतःच विकून टाकलं होतं.

नायजेरियातल्या योरुबा लोकांकडे याच दुःखाला एक सबंध शब्द आहे : आबिकू, म्हणजे मरण्यासाठी जन्मलेलं. त्यांची समजूत अशी की तेच एक मूल पुन्हा पुन्हा येतं, आईला लळा लावतं आणि निघून जातं. त्यामुळे त्यांची नावं मृत्यूशी बोलत नाहीत, थेट मुलाशी बोलतात. मालोमो म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’. दुरोजाये म्हणजे ‘थांब, जगण्याची मजा घे’. बांजोको, ‘माझ्याजवळ बैस’. आणि कोसोको, ‘कुदळच नाही’. खड्डा खणायला अवजार उरलेलं नाही, तेव्हा आता मरून उपयोग नाही, असं बाळाला बजावणारं नाव! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लागोसच्या गादीवर याच नावाचा राजा होता. या मुलांमागे अनेकदा सिकल सेलचा आजार असावा, असं आजचे डॉक्टर म्हणतात. आईबापांकडून रक्तातून येणारा हा आजार एकाच घरात मुलामागून मूल नेतो. आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांनाही तो परका नाही.

मंगोलियात मृत्यूला चक्क पत्ता चुकवायला लावतात. नेरगुई म्हणजे ‘नाव नाही’, एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, हुनबिश म्हणजे ‘माणूस नव्हे’. पूर्व युरोपातले ज्यू आजारी बाळाचं नाव ‘आल्टर’ ठेवत, म्हणजे म्हातारा. यमदूत कोवळं मूल शोधत येणार, त्याला घरात म्हातारा सापडणार.

इथपर्यंत सगळं आईच्या बाजूचं झालं. पण दगडू या नावाला आणखी एक बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंदेचं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं आहे. ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार म्हणजे मूळचे दगडू मारुती पवार, आणि १९७८ च्या त्या आत्मकथनात त्यांनी दया आणि दगडू या दोघांना समोरासमोर बसवलं आहे. धोंडो हे नाव कर्व्यांच्याही घरी होतं. पण धोंडो केशव कर्व्यांना ‘अण्णा’ म्हणणारं जग आणि गावकुसाबाहेरच्या धोंड्याला ‘ए धोंड्या’ म्हणणारं जग एक नव्हतं. आईने लावलेली तीट गावाने डाग म्हणून वाचली. म्हणून कुणी दगडूचा दया होतो तेव्हा त्याने आईची माया नाकारली असं मी कधीच म्हणणार नाही.

आता बारशाला ही नावं कुणी सुचवत नाही. शंभर वर्षांपूर्वी या देशात पाचातलं एक मूल पहिला वाढदिवस बघत नसे. २०२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी १६ वर आलं आहे. तीट लावायचं कारण कमी झालं, तशी नावं गेली. पण आपल्याकडे बापाचं नाव मधे येतं, त्यामुळे जुना दगडू अजून मुलांच्या सातबाऱ्यावर आणि पेन्शनच्या कागदांवर आहे. ओळखीतल्या एका घरी लग्नपत्रिका छापायला टाकताना आजोबांच्या ‘केरू’चं ‘केशव’ करायचं ठरत होतं. आजोबांची थोरली बहीण कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती एवढंच म्हणाली, “तिघांच्या पाठचा हाय त्यो.” पत्रिकेत केरूच छापलं गेलं.

ही नावं निदान समोरच्या लेकराला राखायला ठेवलेली होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली पावणेतीनशेहून अधिक मुलींनी एका समारंभात आपलं जुनं नाव टाकून नवं घेतलं. त्या सगळ्यांचं जुनं नाव एकच होतं : नकुशा. त्या नावाविषयी पुढच्या आठवड्यात.