रोपवाटिकेतील विरजण

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या भूमीत पाइन वृक्ष मूळचे नाहीत. मऊ लाकडाची निकड भासू लागल्यावर तेथील वनखात्याने परदेशी पाइनच्या रोपवाटिका घातल्या. बी रुजले, कोंब आले. परंतु कित्येक नव्या वाफ्यांत रोपे पिवळी पडून खुंटून बसली. जेथे पूर्वीपासून निरोगी पाइन वाढत होते तेथील थोडी माती आणून या वाफ्यांत मिसळताच रोगट रोपांनी अंग धरले. त्या प्रांताचे वनाधिकारी केसेल यांनी ही हकीकत १९२७ साली प्रसिद्ध केली आणि उणीव खताची नसून मातीतील एखाद्या सजीव घटकाची आहे, असा निष्कर्ष काढला.

हा सजीव घटक म्हणजे एक प्रकारची बुरशी. बुरशी म्हटली की गृहिणीच्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी किंवा शिळी भाकरी उभी राहते, आणि बुरशीविषयी कोणी चांगले बोलेल अशी अपेक्षाही राहत नाही. पण अरण्यातील बहुतेक वृक्ष बुरशीच्या साह्यावाचून नीट वाढत नाहीत. हा शोध लागला तोही काहीसा आडवाटेने. ट्रफल नावाचे, जमिनीखाली वाढणारे व युरोपीय खवय्यांस अतिप्रिय असलेले कवक प्रशियात लावता येईल काय, याचा तपास करण्याचे काम फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आले होते. झाडांची मुळे तपासता तपासता त्याला दिसून आले की, अगदी बारीक मुळांच्या टोकांवर बुरशीचे मोज्यासारखे आवरण असते आणि तरीही ती मुळे निरोगी असतात. १८८५ साली त्याने या जोडगोळीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील कवक आणि मूळ या अर्थांचे दोन शब्द जोडून ते बनले आहे. बुरशी झाडाला लुबाडत नसून पोसते, हे त्याचे म्हणणे अनेक पंडितांना पटले नाही. तेव्हा त्याने पाइनची काही रोपे जंगलच्या मातीत व काही तीच माती तापवून निर्जंतुक करून तीत वाढविली. पहिली जोमाने वाढली, दुसरी मागे पडली.

या सहवासातील देवघेव सरळ आहे. पाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात, तिचा काही भाग मुळांवाटे बुरशीला मिळतो. बुरशीचे तंतू मुळांच्या केसांहूनही कितीतरी बारीक असतात. मुळांना जेथे शिरकाव नाही अशा फटींत शिरून ते पाणी आणि क्षार झाडाकडे पोहोचवितात. यांत स्फुरदाचे महत्त्व विशेष. नत्र पाण्याबरोबर पुष्कळसे वाहत येते, पण स्फुरद मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते. मुळाने आपल्या लगतचे स्फुरद एकदा संपविले की पुढचे त्याच्याकडे चालून येत नाही. कोणीतरी जाऊन ते आणावे लागते. अमेरिकेत हॅच यांनी १९३७ साली पांढऱ्या पाइनच्या रोपांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांत बुरशीयुक्त रोपांनी बुरशीविरहित रोपांच्या तिपटीहून अधिक स्फुरद शोषून घेतले होते.

तेव्हा नव्या वाफ्यात ही बुरशी घालावयाची कशी? दुधाला विरजण लावावे तशी, हेच त्याचे उत्तर. सर्वांत जुनी रीत म्हणजे जुन्या झाडांखालची माती वाफ्यात कालवणे. प्वेर्तो रिको बेटात पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते. १९५५ साली उत्तर कॅरोलिनातील पाइनखालची माती आणून रोपांना दिली तेव्हा ती तगली. इंडोनेशियात दुसरी युक्ती रूढ होती. बुरशी लागलेली काही रोपे ‘आई’ म्हणून वाफ्यात अंतराअंतरावर लावीत व त्यांच्यापासून ती शेजारच्या बाळरोपांच्या मुळांवर पसरे. मात्र मातीबरोबर तणांचे बी आणि मूळकुजीचे जंतूही येतात. शेजारणीकडून आणलेले विरजण नासके निघावे तशीच ही गत. शिवाय गाड्याच्या गाड्या माती वाहून नेण्याचा खर्च असतोच.

म्हणून पुढे शुद्ध विरजणाकडे लक्ष वळले. कवकाची फळे, म्हणजे छत्र्या किंवा गोळे, पाण्यात कुस्करून ते बीजाणूंचे पाणी रोपांना शिंपतात. जॉर्जियातील वनसंशोधक डोनाल्ड मार्क्स यांनी १९७० नंतरच्या दशकात पिसोलिथस नावाचे, प्रखर उष्णता सोसणारे कवक प्रयोगशाळेत वाढवून रोपांना दिले. कोळशाच्या खाणींच्या तापलेल्या, आम्लयुक्त ढिगाऱ्यांवर अशी रोपे उत्तम जगली. परंतु जेथे जमिनीत स्थानिक कवके आधीच नांदत होती अशा साध्या जागी तितका लाभ दिसला नाही. ही गोष्ट विक्रीच्या पुड्यांवर छापलेली नसते, म्हणून ती ध्यानी ठेवणे बरे. मायकोरायझाची भुकटी हे सरसकट टॉनिक नव्हे. ओसाड, खणलेल्या वा धूप झालेल्या जमिनीत तिचे मोल मोठे. जुन्या सुपीक बागेत बहुधा नगण्य.

भारतीय वनांचा विचार करता आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. सालवृक्षाची बुरशी पाइनप्रमाणेच मुळांवर बाहेरून आवरण घालते. बस्तरच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडी चढ्या भावाने विकले जाणारे बोडे हे सालाच्या अशाच एका सोबत्याचे फळ होय. सागवान, बांबू आणि आंबा यांची बुरशी मात्र मुळाच्या पेशींत शिरून राहते आणि छत्री कधीच उगवीत नाही. जिवंत मुळावाचून ती वाढत नसल्याने मका किंवा ज्वारी कुंडीत लावून तिच्या मुळांवर ती पोसावी लागते. मग त्या मुळांचे तुकडे व माती हेच सागाच्या पिशव्यांत घालावयाचे विरजण. बी पेरतानाच ते मुळांच्या वाटेवर घातलेले चांगले. वर भुरभुरून टाकल्याने उपयोग थोडा. पुढे स्फुरदयुक्त खताचा मारा केल्यास झाडाला सोबत्याची गरज उरत नाही व बुरशी मागे हटते. काही बुरशीनाशक औषधे तर तिचा फडशाच पाडतात.

विरजण लागले की नाही, हे पाहण्यास पाइनचे एखादे रोप अलगद उपटून मुळे धुतली की पुरे. बारीक मुळे आखूड, फुगीर आणि बेचक्यासारखी दुभंगलेली दिसली, तर काम झाले असे समजावे. सागाचे मूळ मात्र डोळ्यांना काहीच सांगत नाही; ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागते.