वीस ठोकून देऊ नका!

बारावी झाली, बी.एस्सी. नर्सिंगला अ‍ॅडमिशन मिळाली, युनिफॉर्मही शिवून आला. आता इंजेक्शनं, सलाइन, आयसीयू... असंच चित्र डोळ्यांसमोर असतं ना? प्रत्यक्षात पहिल्या सेमिस्टरला ‘नर्सिंग फाउंडेशन’ हा विषय समोर येतो आणि शिकवतो काय, तर हात धुणं, चादर अंथरणं, ताप-नाडी बघणं. ‘हे तर घरी आईपण करते!’ असं तुम्हाला वाटलं तर नवल नाही. पण जरा थांबा.

चादरीचंच घ्या. कोपरा घट्ट दुमडून गादीखाली खोचायचा, एकही सुरकुती राहता कामा नये, यावर मॅडम एवढ्या का अडून बसतात? कारण ज्या पेशंटला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या पाठीखाली ती सुरकुती तासन्‌तास रुतत राहते. बेडसोअर व्हायला तेवढंही निमित्त पुरतं. हात धुण्याचंही तसंच. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवायचे असतात. घड्याळ लावून बघा, आपण किती लवकर उरकतो ते कळेल. व्हिएन्नात १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी प्रसूतीच्या वॉर्डात डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

पण तुमची खरी परीक्षा होते ती श्वास मोजताना. थर्मामीटर ताप दाखवतो, मशीन बीपी दाखवतं, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ऑक्सिजन आणि नाडी दाखवतो. साध्या जनरल वॉर्डात श्वास मात्र तुम्हालाच मोजायचा असतो. छाती किंवा पोट वर गेलं, खाली आलं, की एक. असा पूर्ण एक मिनिट. त्यात एक गंमत आहे. ‘आता तुमचा श्वास मोजते हं, काका,’ असं सांगितलं, की काकांचा श्वास लगेच बदलतो! म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं तशीच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे वळवायची. नाडीवर बोटंच हवीत बरं का, अंगठा नको. अंगठ्यात आपलीच नाडी लागते.

आता वॉर्ड आठवा. पेशंटची रांग, नातेवाइकांची गर्दी, राउंडची घाई. मैत्रीण कानात सांगते, ‘अगं, वीस लिही, सगळे तेच लिहितात.’ निरोगी मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात, त्यामुळे वीस हा आकडा कुणाला खटकतही नाही. म्हणूनच तो धोक्याचा. शरीर आतून झगडायला लागलं, की श्वासाचा वेग बऱ्याचदा आधी वाढतो. तोवर ऑक्सिजनचा आकडा ठीकठाकही दिसू शकतो. अशा वेळी चार्टवर ठोकून दिलेला ‘२०’ डॉक्टरांना सांगतो, सगळं बरं आहे.

मोजलेल्या श्वासाची ताकद बघायची तर गडचिरोलीकडे बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या दायांना आणि आरोग्यसेवकांना मुलांचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झाले. हा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धोक्याची खूण, हा हिशेब आजही शिकवला जातो.

तेव्हा आजपासूनच हात बसवायला घ्या. दुपारी आजोबा आरामखुर्चीत डुलकी घेत असतील, तर घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं नको; एक श्वास चुकला, तर हिशेब चारने चुकतो. वॉर्डात वेळ मिळाला नाही, तर रकाना रिकामा ठेवा आणि इनचार्ज सिस्टरना सरळ सांगा, ‘या बेडचा श्वास मोजायचा राहिलाय.’ बोलणी बसली तर बसू देत. रिकामा रकाना बघून कुणीतरी मोजायला तरी जाईल. तिथे वीस लिहिलेलं असेल, तर कुणीच जाणार नाही.