‘पर्यंत’ आणि ‘पासून’ : इंग्रजींत बदल सांगतांना

बीड जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास इंग्रजींत चार ओळींत लिहावयाचा म्हटला, तर मोठ्या शब्दांपेक्षां ‘इन’, ‘सिन्स’, ‘बाय’, ‘अंटिल’ हे चिमुकले शब्दच अधिक छळतात. हा जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होता. दुसऱ्या दिवशीं, राज्यपुनर्रचनेमुळें, तो मुंबई राज्यांत आला. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रांत आहे. मराठींत हें सरळ आहे. इंग्रजींत मात्र आधीं विचारावें लागतें : आपण बदल सांगत आहों, कीं बदलाच्या अलीकडची-पलीकडची स्थिति?

बदल घडतो आणि संपतो. नुसतें वर्ष सांगावयाचें तर त्याला ‘इन’, तारीख सांगावयाची तर ‘ऑन’. ‘बीड बिकेम पार्ट ऑफ महाराष्ट्र सिन्स १९६०’ असें चांगले शिकलेले लोकहि लिहून जातात, कारण मनांत ‘पासून’ घोळत असतें. पण ‘बिकेम’ ही घटना झाली. ‘सिन्स’ला अजून चालू असलेली स्थिति लागते : ‘हॅज बीन इन महाराष्ट्र सिन्स १९६०’. मुंबई राज्यांतलीं तीं साडेतीन वर्षें संपून गेलीं, म्हणून त्यांना ‘फ्रॉम’ आणि ‘टु’ची जोडी.

खरा घात करतो तो ‘पर्यंत’. त्याच्या पोटांत इंग्रजीचे दोन शब्द आहेत. १९५६ पर्यंत जिल्हा हैदराबाद राज्यांत होता, म्हणजे स्थिति तोंवर टिकली, येथें ‘अंटिल’. १९६० संपेपर्यंत जिल्ह्याचें राज्य दोनदां बदललें होतें, म्हणजे बदल त्या मुदतीच्या आंत पुरा झाला, येथें ‘बाय’. आपल्याकडे हा भेद शब्दयोगी अव्यय पाळीत नाहीं, क्रियापद पाळतें : ‘जूनपर्यंत बीडला येईन’ आणि ‘जूनपर्यंत बीडला असेन’ यांत आपला कधीं गोंधळ होत नाहीं. ‘पर्यंत’च्या जागीं ‘च्या आंत’ घालून पाहावें. ‘जूनच्या आंत येईन’ हें जुळतें, तेथें ‘बाय’. ‘जूनच्या आंत असेन’ हें कानाला खटकतें, तेथें ‘अंटिल’.

इंग्रजींत दोन्हीकडे क्रियापद एकच येऊं शकतें, आणि मग सारा भार त्या चिमुकल्या शब्दावर पडतो. बीडच्या एखाद्या जागेसाठीं पुण्याहून अर्ज करणारा तरुण ‘आय शॅल बी इन बीड बाय जून’ असें लिहील, तर तो जूनच्या आंत हजर होणार. त्यानेंच ‘अंटिल जून’ लिहिलें, तर वाचणारा समजेल कीं हा गृहस्थ आजच बीडांत आहे आणि जून आला कीं निघून जाणार. आणि ती जागा तो दुसऱ्या कोणाला देईल.