वऱ्हाडाचें गहाणखत

वारंगा फाट्यावरून एक सडक कळमनुरीवरून हिंगोलीस जाते. दुसरी हदगांवावरून, पैनगंगा ओलांडून, वऱ्हाडांतील उमरखेडास पोंचते. या दोन गांवांच्या पूर्वेतिहासास एकाच तहानें जोडलें आहे. हिंगोलीस फौजेची छावणी होती, आणि त्या फौजेच्या पगारापायीं नदीपलीकडील वऱ्हाड निजामाच्या हातून गेलें.

१८०० च्या तहान्वयें, निजामानें मुलूख तोडून देऊन तैनाती फौजेचा खर्च भागविला होता. शिवाय युद्धप्रसंगीं ६,००० पायदळ व ९,००० स्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावे, असें ठरलें. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत या युद्धकालीन कलमाच्या आधारें एक निराळी कायम फौज उभी राहिली. तीच हैदराबाद कंटिंजंट. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा; पगार मात्र निजामाचा!

पगार थकला, तेव्हां कंपनी सरकारनें तो आपल्या तिजोरींतून देऊन निजामाच्या नांवें मांडला. बाकी ४० लाखांवर गेली. अखेर २१ मे १८५३ रोजीं कर्नल लो यानें तह करून घेतला, आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या कारभाराखालीं गेले. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची.

१८६० च्या तहानें ५० लाखांचें ऋण रद्द झालें. धाराशिव व रायचूर दुआबहि परत मिळाले. वऱ्हाड मात्र सर सालारजंगानें वारंवार मागूनहि आलें नाहीं. १९०२ त तें सालीना २५ लाखांच्या खंडानें कायमचें इंग्रजांकडे राहिलें. आणि जिच्याकरितां तें अडकलें, ती फौज पुढल्याच वर्षीं हिंदी सैन्यांत विलीन झाली!

याचें फळ रयतेनें भोगलें. नदीच्या उभय तीरांवर भाषा एक, सोयरीक एक. परंतु वऱ्हाडांत शाळा-कचेरींत मराठी चाले, तर अलीकडील कचेरींत उर्दूवांचून अर्जहि पुढें सरकेना. १९५६ त मुंबई राज्यांत दोन्ही तीर एकत्र आले, तेव्हां तहास शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

ऋणशेष राखूं नये, असें आपले वाडवडील सांगत. येथें ऋण फिटलें, तरी गहाण सुटलें नाहीं. दुसऱ्याच्या हुकमांतील फौजेस आपण पगार देऊं लागलों, कीं राज्याचें काय होतें, हें सुज्ञ वाचकांस निराळें सांगावयास नको.