कपाटाची किल्ली

जून महिना उजाडला, पहिला पाऊस पडला, कीं घरोघर शाळेची धांदल सुरू होते. वह्यांना कव्हरें घालणें, दप्तर धुऊन वाळत टाकणें, क्रमिक पुस्तकांची यादी दोनदां पडताळून पाहणें, यांत आईबापांचा आठवडा निघून जातो. ह्या सर्व खटाटोपांत एक प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो: “शाळेच्या ग्रंथालयांतून गेल्या वर्षीं तूं कोणतें पुस्तक घरीं आणलेंस?” आमच्या सुज्ञ वाचकांनीं आज रात्रीं पानावर बसल्यावर आपल्या आठवी-नववींतल्या मुलामुलींस हा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळ घरीं उत्तर येईल, “ग्रंथालय आहे, पण कपाट बंद असतें.” ह्या बंद कपाटासंबंधींच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

गेल्या वर्षीं ह्याच सुमारास एका तालुक्याच्या गांवीं हायस्कूल पाहण्याचा योग आला. हेडमास्तरांनीं अगत्यानें सर्व इमारत दाखविली. प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीवर ‘ग्रंथालय’ अशी ठसठशीत पाटी होती. आंत लोखंडी कपाटें, भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी, टेबलावर दाखलनोंदीचें जाडजूड रजिस्टर. कपाटांच्या काचेंतून पुस्तकांच्या पाठी ओळीनें दिसत होत्या. त्यांतल्या कित्येक इतक्या कोऱ्या कीं, बांधणाऱ्याच्या हातानंतर त्यांना दुसरा हात लागलाच नसावा. ग्रंथालयाचें काम पाहणाऱ्या बाई गणितही शिकवीत, आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या पर्समध्यें असे. मुलांना पुस्तकें कां मिळत नाहींत, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्या अगदीं मोकळेपणानें म्हणाल्या, “अहो, चार्ज घेतला तेव्हां सगळीं पुस्तकें मोजून घेतलीं. उद्यां एक कमी भरलें तर विचारणार मला. पुस्तक कपाटांत असलें म्हणजे मला झोप लागते.”

बाईंना दोष देण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. हें भय फार जुनें आहे. पुस्तकें हातानें लिहिलीं जात, तीं चामड्याच्या पानांवर उतरलीं जात आणि एकेका प्रतीला मोठी किंमत पडे, त्या काळीं युरोपांत पुस्तकांना चक्क सांखळदंड लावीत. इंग्लंडांत हेरफर्ड येथील कॅथीड्रलमध्यें असें सांखळ्यांचें ग्रंथालय आजही पाहावयास मिळतें. छापखाने आले, पुस्तकें स्वस्त झालीं, सांखळ्या गळाल्या. परंतु त्यांच्या जागीं कुलूप आलें. आपल्या देशांत ह्या कुलुपावर घाव घातला तो गणिताच्याच एका शिक्षकानें. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासेस गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ सालीं ते तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. पहिल्या सूत्राचा आशय असा कीं, पुस्तक हें जपून ठेवण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं आहे. तिसऱ्याचा आशय त्याहूनही मनोहर आहे: प्रत्येक पुस्तकाचा कोणी ना कोणी वाचक असतोच, त्या दोघांची गांठ घालून द्यावयाची. ही गांठ पडावी म्हणून वाचकास कपाटापर्यंत जाऊं द्यावें, पुस्तक हातीं घेऊं द्यावें, चाळून परत ठेवूं द्यावें, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या देशांत १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ‘ग्रंथपाल दिन’ म्हणून पाळला जातो.

कायदाही ह्या बाबतींत अगदींच मुका नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यास जोडलेल्या अनुसूचींत प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, तेथें वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचीं पुस्तकें असावींत, असें सांगितलें आहे. परंतु हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता. मुलगा नववींत गेला कीं कायद्याचा हात सुटतो, आणि नेमक्या त्याच वर्षीं घरांतूनही फर्मान निघतें, “आतां अवांतर वाचन पुरे, दहावी झाल्यावर काय तें वाच.” म्हणजे ज्या वयांत मन सर्वांत भुकेलें, त्याच वयांत पान वाढणारा कोणी नाहीं! तेरा ते सोळा ह्या वयांत मुलगा आईबापांशीं पूर्वीसारखा बोलत नाहीं. मुलगी आरशापुढें उभी राहून आपण कोण होणार ह्याचा विचार करूं लागते. आपल्यासारखेंच दुसऱ्या कोणास वाटलें होतें काय, हें ह्या मुलांना जाणून घ्यावयाचें असतें. तें उत्तर बापाच्या उपदेशांत मिळत नाहीं. तें एखाद्या पुस्तकांत अवचित सांपडतें. ह्या वयांत सुटलेलें वाचन पुढें हातीं लागणें कठीण. दहावीनंतर अकरावी येते, प्रवेशपरीक्षा येतात, नोकरी येते. आणि “सवडीनें वाचूं” म्हणणारा मनुष्य सवडीची वाट पाहतच म्हातारा होतो.

मग ह्या कपाटांत असावें तरी काय? नुसतीं बोधपर चरित्रें ठेवून भागणार नाहीं. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे सायकलीवरून सुसाट सुटतो, तेव्हां न वाचणारें मूलही त्याच्या मागें धांवतें. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस आपली गोष्ट पाठविली ती नांव बदलून, स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. आणि पहिलें बक्षीस मिळविलें. ही हकीकत सांगून त्यांच्या विज्ञानकथा मुलांच्या हातीं द्याव्या. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधील आजीआजोबांकडे वाढणारा लंपन, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील कोवळा मास्तर, मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ कादंबरींतील आणीबाणीच्या दिवसांतला नववीचा विद्यार्थी, हे सारे ह्या वयाचे सोबती आहेत. ‘शाळा’त कोवळें प्रेम आहे म्हणून कांहीं पालक बिचकतात. परंतु जें मनांत आहेच, तें पुस्तकांत वाचून मूल बिघडत नाहीं. उलट, घरांत त्याविषयीं बोलण्यास एक वाट मिळते. दया पवारांचें ‘बलुतं’ दहावीच्या विद्यार्थ्यानें अवश्य वाचावें. आपल्या ओसरीपलीकडेही महाराष्ट्र आहे, हें आमच्यासारख्या सुखवस्तु घरांतील मुलांना दुसरें कोण सांगणार? नव्याची आवड असणारांसाठीं, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मराठींत २०२४ सालीं भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ ह्या कादंबरीस, आणि २०२५ सालीं सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ ह्या कवितासंग्रहास मिळाला आहे. बालभारतीचें ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक मोबाइलवरही विनामूल्य वाचावयास मिळतात. मोबाइलला नुसते दोष देत बसण्यापेक्षां त्याला असें कामाला लावणें बरें!

आणखी एक पथ्य सांगतों. फ्रान्समधील डॅनिएल पेनाक नांवाच्या शिक्षक-लेखकानें हायस्कुलांतील न वाचणारीं मुलें वर्षानुवर्षें पाहिलीं, आणि १९९२ सालीं एका पुस्तकांत वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांतला पहिलाच हक्क न वाचण्याचा! पानें गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क, आवडलेलें पुन्हां वाचण्याचा हक्क, असे पुढचे आहेत. आरंभीं आम्हांसही हें विचित्र वाटलें. पण विचार करतां पटलें कीं, प्रत्येक पुस्तकामागें सारांश लिहून मागणारा मास्तर उभा राहिला, तर मूल पुस्तकापासून दूरच पळणार.

आतां त्या शाळेची पुढची हकीकत सांगितली पाहिजे. हेडमास्तर विचारी गृहस्थ होते. त्यांनीं शाळा समितीकडून एवढेंच लिहून घेतलें कीं, वापरांत फाटलेल्या वा हरवलेल्या पुस्तकांचें रीतसर निर्लेखन होईल. त्यांची भरपाई बाईंकडून घेतली जाणार नाहीं. एका कागदानें बाईंची झोप परत आली! दुसऱ्या दिवशीं एका कपाटाचें कुलूप निघालें. नववीच्या दोन मुली व एक मुलगा मधल्या सुटींत देवघेवीची वही सांभाळूं लागले. यंदाच्या एप्रिलांत आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां मोजणी चालली होती. नाहींशीं झालेलीं पुस्तकें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं होतीं. त्यांत लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ होतीं. बाई त्यावर शेरा लिहिणार, इतक्यांत आठवींतली एक मुलगी तें पुस्तक घेऊन दारांत उभी राहिली. वर्तमानपत्राचें कव्हर, एका पानावर हळदीचें बोट उमटलेलें. मुलगी खालीं मान घालून म्हणाली, “बाई, उशीर झाला. माझं केव्हांच वाचून झालं होतं. पण आई रोज रात्रीं स्वयंपाक आवरला कीं थोडं थोडं वाचायची. तिचं काल संपलं.” बाईंनीं हळदीच्या त्या डागाकडे पाहिलें, दंडाची गोष्ट काढली नाहीं, आणि विचारलें, “आईला आतां दुसरं कोणतं देऊं?”

ह्या प्रसंगानंतर त्या शाळेनें आणखी एक रूढि मोडली. परीक्षा जवळ आली कीं सर्व पुस्तकें परत मागवावयाचीं आणि मे महिनाभर कपाटें बंद ठेवावयाचीं, अशी बहुतेक शाळांची वहिवाट. म्हणजे मुलांना वेळ असतो तेव्हां पुस्तक नाहीं, आणि पुस्तक असतें तेव्हां वेळ नाहीं! यंदा तेथें मोजणी आटोपतांच प्रत्येक मुलास सुटीसाठीं दोन पुस्तकें घरीं दिलीं.

१५ ऑक्टोबरचा वाचन-प्रेरणा दिन आपल्या राज्यांत २०१५ पासून साजरा होतो. त्या दिवशीं प्रदर्शनें भरतात, भाषणें होतात. आमची त्यास ना नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं कपाटास पुन्हां कुलूप लागलें, तर त्या उत्सवाचें फळ काय? म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, यंदाच्या पहिल्या पालकसभेंत गुणांची चौकशी झाल्यावर ग्रंथालयाचीही चौकशी करावी, आणि हरवलेल्या पुस्तकांचा भार एकट्या शिक्षकावर पडूं देऊं नये. आणि सभेहून घरीं परतल्यावर आपल्या दिवाणखान्यांतील काचेच्या कपाटाकडेही एकदां पाहावें. त्याची किल्ली कोठें ठेविली आहे, हें घरांतल्या मुलांस ठाऊक आहे ना?