एसएसएच घरच्या संगणकावर, लेखांक ६ : ‘येस’ टाइप करण्यापूर्वी

या आठवड्यात कॉन्फिग फाइल लिहायला घ्यायची असं ठरलं होतं, पण ती पुढच्या खेपेला. गेल्या लेखांकानंतर एका वाचकाने विचारलं आहे, ‘चाव्यांची जोडी झाली, पब्लिक की सर्व्हरवर चढवली, पण पहिल्यांदा जोडताना टर्मिनल काहीतरी लांबलचक विचारतं, तिथे मी येस लिहून पुढे जातो. चालेल ना?’ चालणार नाही, आणि ते का, हे समजल्याशिवाय कॉन्फिग फाइलला हात लावण्यात अर्थ नाही. ‘या होस्टची सत्यता सिद्ध करता येत नाही’ असं ते लांबलचक वाक्य सांगतं. त्याखाली होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या ओळख-चावीचा, प्रकार आणि ‘एसएचए२५६’नंतर ४३ अक्षरांचं तिचं फिंगरप्रिंट असतं. शेवटी जोडणी पुढे न्यायची का, हा प्रश्न. संपूर्ण एसएसएचमध्ये संगणक माणसाच्या निर्णयावर खऱ्या अर्थाने अवलंबून असतो तो इथे. समोर कोण आहे हे त्याला माहीत नाही, आणि तसं तो स्वच्छ सांगतो.

तातू यलोनेन यांनी १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एसएसएच लिहिलं, त्याला निमित्त झालं तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरून ऐकले गेल्याचं. टेलनेट आणि आरलॉगिन पासवर्ड उघड्यावर पाठवत, त्यामुळे नुसतं ऐकत बसणाऱ्याचंही काम भागे. एन्क्रिप्शनने त्याचा बंदोबस्त झाला. पण जो ऐकत बसत नाही, तर मध्ये उभा राहून ‘मीच तो सर्व्हर’ म्हणतो, त्याच्याशीही आपण तितकंच भक्कम एन्क्रिप्शन करून बोलतो! ही भीती कागदावरची नाही. डग साँग यांच्या डीस्निफ या संचात २००० सालीच एसएसएचच्या तेव्हाच्या पहिल्या प्रोटोकॉलची जोडणी अशी मध्ये अडवून पासवर्ड टिपणारं साधन आलं होतं. जानेवारी २००६च्या आरएफसी ४२५१मध्येही हा धोका नोंदवलेला आहे. होस्ट की न तपासता जोडू देणं एरवी टाळावं, पण चाव्यांची खात्री देणारी व्यवस्था सर्वत्र नसल्याने संक्रमणकाळापुरती ही सवलत, असा त्याचा आशय. ते संक्रमण अजून संपलेलं नाही. बहुतेक सर्व्हरच्या बाबतीत खात्री करण्याचं काम आजही तुमच्याकडेच आहे.

यावर जाणकार वाचक म्हणतील, आम्ही पासवर्ड वापरतच नाही, चावीने लॉगिन करतो; तोतया सर्व्हरच्या हाती काय लागणार? आक्षेपात तथ्य आहे. चावीने केलेली सही त्या एकाच सत्राच्या ओळखक्रमांकाला बांधलेली असते, आणि तो क्रमांक ठरताना समोरच्याची होस्ट कीही हिशेबात धरली जाते. त्यामुळे तुमची सही पुढे सरकवून खऱ्या सर्व्हरवर शिरता येत नाही. पण तोतयाला शिरायची गरज काय? त्याने कोणतीही चावी मान्य करावी आणि हुबेहूब प्रॉम्प्ट दाखवावा. तुम्ही सुडो चालवता, पासवर्ड टाइप करता, तो त्याला मिळतो. तुम्ही फाइल चढवता, ती त्याच्याकडे जाते. एजंट फॉरवर्डिंग (तुमच्या चावीने सही करणारा एजंट दूरच्या सर्व्हरलाही वापरू देणं) चालू असेल तर तुमच्याच एजंटकडून नवी सही करून घेऊन तो खऱ्या सर्व्हरवरही पोचतो. चावी तुमची ओळख सर्व्हरला पटवते. सर्व्हरची ओळख तुम्हाला पटवणं हे तिचं काम नव्हे.

दुसरा आक्षेप रोजच्या कामातला आहे. व्हर्च्युअल मशीन पुन्हा पुन्हा नव्याने उभी राहते, तिची होस्ट की बदलते, दरवेळी मोठ्या अक्षरांत इशारा येतो. मग लोक होस्ट की तपासण्याचा पर्याय, स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग, ‘नो’ करतात. एवढ्यावरही ओपनएसएसएच थोडं सांभाळून घेतं : साठवलेली चावी बदललेली दिसली तर इशारा देऊन जोडतं, पण पासवर्डने लॉगिन करू देत नाही. म्हणून पुढची पायरी म्हणजे ओळखीच्या होस्ट की जिथे साठवल्या जातात ती नोन-होस्ट्सची फाइलच डेव्ह-नलकडे, म्हणजे काहीच न साठवणाऱ्या फाइलकडे, वळवणं. मग प्रत्येक जोडणी पहिलीच ठरते आणि उरलेलं संरक्षणही जातं. २०१७ साली ओपनएसएसएच ७.६मध्ये ‘ॲक्सेप्ट-न्यू’ आलं, ते यापेक्षा कितीतरी चांगलं. नवी चावी ते न विचारता नोंदवतं, बदललेली मात्र नाकारतं. माझ्या मते प्रयोगाच्या मशीनपुरतं ते ठीक. ज्या सर्व्हरवर तुमचं खरं काम आहे तिथे मूळचं ‘आस्क’च ठेवावं. इशारा नेहमी खोटाच असतो, असं म्हणणाऱ्यांनी गिटहबचं उदाहरण पाहावं. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिची प्रायव्हेट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. जुनी आरएसए की साठवलेल्यांना इशारा आला. या खेपेला बदल खरा होता, पण ते ठरवता आलं ते गिटहबने आपल्या साइटवर दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून पाहिल्यावरच.

ताडून पाहायचं ते वेगळ्या वाटेने आलेल्या फिंगरप्रिंटशी. एसएसएच-कीस्कॅन चालवून मिळालेली चावी त्याच नेटवर्कवरून येते, म्हणजे मध्ये कोणी असेल तर त्याचीच. भाड्याच्या सर्व्हरला सेवादात्याच्या वेबपानावर कन्सोल असतो. तिथून लॉगिन करून एसएसएच-कीजेनला ‘एल एफ’ हा पर्याय आणि ईटीसी-एसएसएच फोल्डरमधली ईडी२५५१९ पब्लिक की द्यावी, फिंगरप्रिंट समोर येतं. कचेरीतला सर्व्हर असेल तर ॲडमिनला फोन करावा. ४३ अक्षरं डोळ्यांनी जुळवण्याचीही गरज नाही : २०१९च्या ओपनएसएसएच ८.०पासून त्या प्रश्नाला येसऐवजी फिंगरप्रिंटच पेस्ट करता येतं, जुळलं तरच जोडणी होते. विंडोजवर पुटी वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की पुटी होस्ट की रजिस्ट्रीत ठेवतं, विंडोजमधलं ओपनएसएसएच स्वतःच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये. एकाला ओळख पटली म्हणून दुसऱ्याला पटत नाही. दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासावं लागतं. मशीन मुद्दाम नव्याने उभी केली असेल, तर कीजेनच्या ‘मोठा आर’ पर्यायाने फक्त तिचीच जुनी नोंद काढावी. अख्खी फाइल पुसली तर बाकीच्या सगळ्या सर्व्हरची ओळखही त्याबरोबर जाते. पुढच्या आठवड्यात कॉन्फिग फाइल, आणि तिच्यात ‘ॲक्सेप्ट-न्यू’ नेमक्या कोणत्या होस्टखाली लिहायचं तेही.